केतकीची पृथ्वी

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझी विद्यार्थिनी केतकी सूर्याभोवती पृथ्वी फिरवत होती. दुपारी तिची प्रात्यक्षिकाची परीक्षा होती, आणि पृथ्वीचा ठिपका प्रत्येक फेरीला थोडा बाहेर सरकत शेवटी पडद्यावरून नाहीसा होत होता.

“सर, माझी पृथ्वी पळून जातेय,” ती रडवेली होऊन म्हणाली. “सूत्रं तर सगळी बरोबर आहेत.”

सूत्रं बरोबरच होती. मी म्हटलं, “तू तिला फार लांब उड्या मारायला लावतेस. प्रत्येक उडीत ती सरळ जाते आणि वळायचं राहून जातं. उडी लहान कर.”

तिने प्रोग्राममधला एक आकडा बदलला. ठिपका सावकाश फिरला आणि निघाला होता तिथे जवळजवळ परत आला. केतकीचा जीव भांड्यात पडला. मग ती पडद्याशी वाकली.

“तरी केसभर चुकतेच आहे, सर.”

“चुकणारच. उडी आणखी लहान केलीस तर आणखी कमी चुकेल.”

“आणि खरी पृथ्वी? ती केवढी उडी मारते?”

मी टेबलाकडे बोट दाखवलं. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर पडलं होतं. ते सरकताना दिसत नव्हतं. पण मघाशी कीबोर्डपाशी होतं, ते आता तिच्या मनगटावर आलं होतं.