गिरणीतलं घुबड आणि अक्कोरू

अंबाड्यातला आकडा काढायचा, समोरची वस्तू त्यानं उकरायची आणि पोरांना म्हणायचं, "आधी हात लावा, मग नाक मुरडा." अक्कोरू म्हटलं की मला पहिल्यांदा तो आकडाच आठवतो. आमच्याकडं शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. जुन्या हुबळीत माझी पिठाची गिरणी, आणि शेजारच्या माडीवर त्यांची भाड्याची खोली.

गिरणी म्हटली की उंदीर आले. उंदरांमागं पांढऱ्या तोंडाचं घुबड आलं आणि छपराखालच्या झरोक्यात राहिलं. मी बांबू उचलला, तशा अक्कोरू माडीवरून म्हणाल्या,

"अण्णा, फुकटचा राखणदार आहे. हाकलता कशाला?"

"अशुभ आहे ते."

"उंदरांना आहे."

रविवारी अक्कोरू पोरांना माझ्या कट्ट्यावर बसवायच्या. झरोक्याखाली अंगठ्याएवढे काळे गोळे पडायचे. पोरं ओरडली, "शी, लेंड्या!"

"लेंडी नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, मग त्यांचा गोळा करून तोंडातून टाकतं." अक्कोरूंनी आकड्यानं गोळा फोडला. आतून इवलीशी कवटी निघाली, दातांसकट. तुम्ही बघितलीय कधी? पोरं एकमेकांच्या अंगावर पडली बघायला.

घुबडाचा एक कान जरा वर, एक खाली असतो, म्हणून काळोखातही उंदीर नेमका कुठं खुडबुडतोय ते त्याला कळतं, असं त्या सांगायच्या. मी विचारलं, "कोण गेलं होतं त्याचे कान बघायला?" त्या हसल्या. चौथीतून शाळा सोडलेल्या माणसाशी वाद घालायचा त्यांना कंटाळा नव्हता. मलाच यायचा.

मग त्यांच्या घरमालकिणीचे यजमान वारले. वर्षभर खोकत होते, पण नाव घुबडाचं झालं. जोंधळ्याचे डबे दुसऱ्या गिरणीकडं वळले. मालकीण माझ्या दारात येऊन त्यांना म्हणाली, "अक्कोरू, पोरांना ह्या गूबीचं, ह्या घुबडाचं कौतुक तुम्हीच शिकवलंत. अण्णांना झरोका बुजवायला सांगा. नाहीतर खोली सोडा."

मी विटा आणल्या. "एक शब्द बोला, अक्कोरू. आत्ता बुजवतो. खोली राहील तुमची."

झरोक्यातून फुस्स फुस्स आवाज येत होता.

"पिल्लं आहेत, अण्णा. भुकेली आहेत."

"मग?"

"मग काय. ट्रंक भरते."

धारवाडला सप्तापुरात खोली मिळाली. शाळा हुबळीतच, त्यामुळं रोज बसचे हेलपाटे. पिल्लं मोठी झाली, उडाली. मी झरोका बुजवला नाही. लोकांना वाटलं, मला अक्कोरूंचं पटलं. तसलं काही नाही. गिरणी माझी, झरोका माझा. कुणी दारात येऊन सांगितलं म्हणून मी वीट लावत नसतो. डबे हळूहळू परत आले.

पोरांना दाखवायला अक्कोरू गोळे न्यायला यायच्या. मी ते चहाच्या रिकाम्या डब्यात साठवायचो. येताना दमलेल्या असायच्या. पुढंपुढं आकडा काढायच्या आधी कट्ट्यावर टेकायच्या.

गेल्या दिवाळीपासून आल्या नाहीत. सप्तापुरातल्या एकाला विचारलं. खोलीला कुलूप आहे म्हणाला, जास्त काही त्याला ठाऊक नव्हतं.

मीही आता दमलो. गिरणीचा पट्टा चढवताना दम लागतो. घुबड दिसलं की अजून तोंड फिरवतो. पण सकाळी झाडताना गोळे बाजूला काढतो. डबा केव्हाच भरला. झाकण बसत नाही, म्हणून वर दगड ठेवलाय.