दिलेला मुलगा

धनसिंगसारखा हट्टी माणूस मी उभ्या धुळ्यात पाहिला नाही. वकील आम्ही दोघंही झालो, पण मी इथल्या कोर्टात वकिली घासत राहिलो आणि तो पुण्याच्या लॉ कॉलेजात दत्तकाचा कायदा शिकवू लागला. दुसरा विषयच घेईना. घेणार कसा? तो स्वतःच दत्तक गेलेला.

पाचोऱ्याकडच्या भागाबाईचा तो एकुलता एक. धुळ्याच्या दिराला मूल नव्हतं आणि नवऱ्यानं मरताना भावाला मुलगा द्यायचा शब्द देऊन ठेवला होता. भागाबाईनं सात वर्षांचं पोर जावेच्या, कमलबाईच्या, मांडीवर बसवलं. कमलबाईनं त्याला जिवापाड जपलं, शिकवलं. पण कायद्यानं तो जन्माच्या घरापासून तुटला. आई मेली तर अग्नी द्यायचाही हक्क नाही, हे त्याला जन्मभर डाचत होतं.

एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये, असं शास्त्र. पण दिलाच तर ते दत्तक मोडता येत नाही, असा विलायतेच्या वरच्या कोर्टाचा निकाल. धनसिंग त्या निकालाशी भांडत बसला. लग्न केलं नाही, हौसमौज नाही. परिषदेत तो उठला की लोक म्हणायचे, आलं परत तेच दळण. मीही म्हटलंय.

एकेचाळीस साली त्याचा ग्रंथ छापून आला. मला सोबत घेऊन तो भागाबाईकडे गेला. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तुझं देणंच शास्त्राला धरून नव्हतं, मी तुझाच आहे, असं त्यानं तिला नाना परीनं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी तुले कमलनी ओटीमा टाकं, भाऊ," ती म्हणाली. "आते काढी लेऊ का? ती बी मायच शे ना."

त्यानं ग्रंथ पिशवीत ठेवला.

आठवड्यात म्हातारी गेली. स्मशानात गावानंच त्याला पुढे केलं. खड्ड्यात गेला कायदा, तूच अग्नी दे म्हणाले. अरे, जन्मभर हेच तर मागत होता ना हा! पण धनसिंगानं हात मागे घेतले. तिचं देणं मोडायचं नाही म्हणाला. अग्नी भागाबाईच्या भाच्यानं, वना त्याचं नाव, त्यानं दिला. मला असा संताप आला त्याचा, आणि रडूही आलं.

धुळ्याला परतलो तेव्हा कमलबाई ओट्यावर वाट बघत होती. तिनं आधी हेच विचारलं, अग्नी तूच दिलास ना? त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"मला विचारायचंस तरी रे," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं असतं का?"

धनसिंग तिच्या पायाशी बसून राहिला.