पाठमोऱ्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या दारातून शाळेचा व्हरांडा दिसायचा. वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला करडीहून एक बाई सायकलने यायच्या. बोलणं हळू, आणि मुलांशी बोलताना वाक्यागणिक 'बापा' म्हणायची सवय. पण चौथीतली एक मुलगी वाचायला लागली, की त्या तिच्याकडे चक्क पाठ करून बसायच्या. मला ते खटकायचं.

एकदा विचारलंच, "तिच्याकडे पाठ काहून करता जी?"

"माह्या तोंडाकडे पाहून अंदाज लावते ते. अक्षर नाही, माह्यं तोंड वाचते."

त्या दुपारी मी दारातच थांबले. मुलगी बोट ठेवून वाचत होती, "आई धान... वळत घालते." मग तिने मान वर केली. "बरोबर हाय का, बाई?"

"तूच सांग ना बापा."

बाईंचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. मुलगी पुन्हा पहिल्या शब्दापासून निघाली आणि अडली. "वा... वाळत! आई धान वाळत घालते."

यावेळी तिने विचारलं नाही. बोट सरळ पुढच्या ओळीवर नेलं. बाई तशाच पाठमोऱ्या बसून हसत होत्या.