गावाला गेलेल्यांचं इन्सुलिन

भोईवाड्यात आमच्या चाळीखालच्या गाळ्यात सरकारी दवाखाना आला, तेव्हा सगळ्यांत जास्त मी नाचले होते. आईला मधुमेह. तिच्या इन्सुलिनसाठी परळच्या मोठ्या इस्पितळात रांग लावायची म्हणजे माझी अख्खी रजा जायची. आता जिना उतरला की डॉक्टर समोर. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी भाषण ठोकलं, की यापुढे आरोग्याचा कारभार स्थानिक पातळीवर. आम्ही टाळ्या वाजवल्या. समोरच्या खोलीतल्या काकींनाही इन्सुलिन लागतं आणि त्यांच्यामागे बघणारं कुणी नाही. त्यांनी तर साहेबांच्या हातात नारळच दिला.

काही महिने खरंच बरे गेले. मग मे आला. आमची चाळ बहुतेक कोकणातल्यांची. मे लागला की दारांना कुलपं, माणसं गावाला आंबे-फणस खायला. आईसुद्धा दरवर्षीसारखी मावशीकडे गेली. दवाखान्यातून पुढचं औषध आगाऊ देत नाहीत, म्हणून त्या महिन्याचं मी विकत घेऊन दिलं. डॉक्टर खाली माश्या मारत बसली होती.

जूनमध्ये चाळ भरली आणि इन्सुलिन पुरेनासं झालं. मला पत्ता नाही. मी विचारायचे, औषध मिळतं ना, आणि आई म्हणायची, "मिळता हां."

मिळत होतं, पण आईला बाटली मिळाली त्या दिवशी काकींची वेळ येईपर्यंत साठा संपला होता. आमच्या मजल्यावर कुणाकडची साखर संपली तर शेजारीण आपल्या डब्यातली अर्धी काढून देते. या दोघींनी इन्सुलिनचंही तेच केलं. सुया आपापल्या, बाटली एक, आणि डोस दोघींचाही अर्धा. आईच्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा मला हे कळलं. मी ओरडले, तर म्हणते कशी, "तू कामावरसून दमान येतस. तुका कित्याक सांगू?"

मी तणतणत खाली गेले. डॉक्टर तरुण होती, समजूतदार. ती म्हणाली, "ताई, औषध किती पाठवायचं ते मुख्य भांडारात ठरतं. गेल्या महिन्यात खपलं तेवढंच पुढे पाठवतात. सगळे गावाला गेलेत हे मी कळवलं होतं हो, पण आकडा बदलायचा अधिकार मला नाही."

म्हणजे मे महिन्यात खपलं नाही, तेव्हा भोईवाड्याचा मधुमेह बरा झाला असणार! जूनमध्ये कमी आलं म्हणून कमी खपलं, कमी खपलं म्हणून जुलैत कमी आलं. भांडारात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "दवाखान्यात विचारा, कारभार आता स्थानिक आहे." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दवाखाना हलवला, कात्री-कापूस हलवला, खुर्च्या हलवल्या. ठरवायचा हक्क तेवढा जागचा हलला नाही.

शेवटी पुन्हा परळलाच गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मलाच झापलं, "घराखाली दवाखाना आहे ना? मग इतकं वाढेपर्यंत काय करत होता?" माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. आईने माझा हात दाबला म्हणून त्या गिळल्या. अंगठा काढावा लागला.

खालच्या डॉक्टरने भांडून भांडून दिवाळीपर्यंत पुरवठा जागेवर आणला. आईचं इन्सुलिन मात्र अंगठा काढल्यापासून मी विकत आणते. तरी ती खाली जाऊन आपली सरकारी बाटली घेते आणि अडीअडचणीला म्हणून काकींना देते.

यंदा एप्रिलमध्ये मी तिचं गावचं तिकीट काढायला बसले, तर म्हणाली, "माका नुको." मावशी थकली आहे, पुढच्या वर्षी भेट होईल की नाही सांगता येत नाही. मी समजावलं, चिडले, तिथे लागेल तेवढं औषध बरोबर देते म्हटलं.

"माका तू देतलस गो," आई म्हणाली. "मी गेलंय तर हयसर एक बाटली कमी खपतली. मगे काकीक कोण देतलो?"

मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांना कुलपं लागली. आई आणि काकी तेवढ्या मागे राहिल्या. एका बाटलीने भांडाराचा आकडा किती हलणार, हे मी आईला सांगितलं नाही. ती येत नाही, एवढं मावशीला फोन करून कळवलं.