आपाजीनं लाइट लावली होती

१९८७ साल, मला बासष्टावं लागलेलं. सकाळची वेळ होती. मी एका जुन्या गाडीखाली उताणा पडलो होतो. माझ्या बहिणीची शेजारीण रस्त्यावरूनच म्हणाली, "दादा, बाहेर ये." मी म्हटलं, बोल, ऐकू येतंय. ती गाडीपाशी आली. मग मला तिच्या चपला दिसल्या, एका पायात एक, दुसऱ्यात दुसरीच... आणि मी समजलो की आपाजी गेला.

आपाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सोनाचा नवरा. त्याला गावात सगळे मास्तर म्हणायचे. दिवसा मोका शहरात कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावच्या देवळात मराठीचा वर्ग. मी तीन यत्ता शिकलो, त्याही धड नाहीत. देवनागरी अक्षरं मला त्यानंच लावायला शिकवली, माझी चाळिशी उलटल्यावर. हे लिहिलंय तेही माझ्या हातानं. ऱ्हस्वदीर्घ आमच्या मराठी मंडळाच्या लोकांनी नीट केलं असेल, बाकी शब्द माझे आहेत. त्याच्याविषयी मंडळाच्या अंकात चार चांगले शब्द लिही, असं मला सांगितलं. चांगले शब्द दुसरे लिहितील. मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून मी ते लिहितो.

तो झाकरी नाचायचा. गणपतीला पोरंसोरं नाचतातच, पण आपाजीच्या उजव्या पायात घुंगरू बांधले की म्हातारे उठून जवळ यायचे. नुसता पाय टेकला तरी ताल कळायचा. १९७९ नंतर तो नाचला नाही. रिंगणाबाहेर खुर्चीवर बसायचा, घुंगरू हातात धरून हलवायचा. मी त्या बाजूला उभा राहत नसे.

त्या साली त्यानं जपानी मोटो, म्हणजे मोटारसायकल, घेतली होती, वापरलेली पण चांगली. हिवाळ्याचे दिवस, उसाची तोडणी चाललेली. एका शनिवारी मोटो घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. म्हणाला, सकाळी हॉर्न बसक्या आवाजात वाजतो, बॅटरी भरत नाही की काय बघ. दुकानात तीन-चार माणसं बसलेली होती, त्यात भाजीचा धंदा करणारा बिसेसर. हा काम नसलं तरी बसायला यायचाच.

बॅटरी भरते की नाही हे बघायची माझी एक रीत होती. तीस वर्षांची. इंजिन चालू करायचं, वेग थोडा वाढवायचा आणि बॅटरीची तार काढून टाकायची. इंजिन चालत राहिलं तर वीज तयार होते आहे, दोष बॅटरीत. बंद पडलं तर दोष आत. जुन्या विलायती गाड्यांवर मी हे शेकडो वेळा केलं. मीटर घेऊन हिंडणाऱ्यांचं मला हसू यायचं.

मी तारेला हात घातला तसा आपाजी जवळ आला आणि माझ्या तळहातात एक चिठ्ठी ठेवली. हळूच, कुणाला दिसू नये अशी. मोटोचं पुस्तक इंग्रजीत होतं. त्यातली एक ओळ त्यानं मराठीत करून आणली होती, मोठ्या अक्षरात, मला लावता यावी म्हणून. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये, आतला वीज सुधारणारा भाग जळतो.

मी ती वाचली. मला वाचता आली नाही असं कुणी समजू नये. पूर्ण वाचली.

तेवढ्यात बिसेसर म्हणाला, "काय मास्तर, मेकानिकला पण शाळेत बसवलं का? आज धडा कितवा?"

माणसं हसली. आपाजीही हसला, वेळ निभावून नेण्यासाठी. मला ते हसणं लागलं. मी चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचली आणि म्हटलं, "कागदानं बॅटरी भरत असती तर मास्तरांनी गाव उजळलं असतं."

"दादा, ही गाडी वेगळी आहे रे," एवढंच तो म्हणाला.

मी तार काढली. पुढची लाइट एकदम पांढरी झाली आणि फुटल्यासारखी गेली. इंजिनानं दोन आचके दिले, तोवर मी तार परत टेकवली. म्हटलं, "बघ, चालू आहे. बॅटरीच म्हातारी झालीय." बल्ब नवा घातला. बॅटरीचं झाकण काढलं तर आत पाणी आटलेलं. दुखणं तेवढंच होतं. तार न काढता नुसतं पाणी घालून रात्रभर चार्जरवर ठेवली असती तर मोटो आणखी पाच वर्षं चालली असती. हे मला आजच कळलं असं नाही... तेव्हाच कळलं होतं. बल्ब गेला तेव्हाच. पण चार माणसांसमोर बोललेला शब्द मी कधी मागे घेतलेला नाही.

पुढच्या दहा दिवसांत तो दोनदा बॅटरी घेऊन आला. मी भरून दिली. दोन दिवस चालायची, मग मरायची. "नवी घे," मी म्हटलं. त्यानं नवी घेतली. आता वाटतं, तो दुसऱ्या मेकानिककडे का गेला नाही? वाचता येणारा, समजणारा माणूस. पण गेला असता तर गावाला कळलं असतं की दादाच्या हातून बिघडली. म्हणून नाही गेला.

नव्या बॅटरीच्या चौथ्या दिवशी मोकाहून येताना दिवस मावळला. वळणावर मोटो बंद पडली. मागून उसाचा कामयों, मालाचा मोठा ट्रक, आला, ओझ्यानं भरलेला. त्या ड्रायव्हरला पुढं काही दिसलंच नाही. उजवा पाय गेला चाकाखाली.

इस्पितळात पोलिसानं विचारलं तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. सोनाही होती. आपाजी म्हणाला, "चूक माझी. लाइट लावायची विसरलो." माझ्याकडे बघितलं नाही. पोलिसानं लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

पाय वाचला पण वाकडा राहिला. मोटो मी माझ्या शेडमध्ये आणली, वर गोणी टाकली आणि आठ वर्षं हात लावला नाही. न उघडता मला म्हणता येत होतं की बॅटरीच वाईट असेल, उघडल्यावर म्हणता आलं नसतं. आपाजी दर रविवारी काठी टेकत, बस धरून यायचा, टायरवर बसून मला पेपर वाचून दाखवायचा. एकदाच त्यानं गोणीकडे बघून विचारलं, "दादा, उघडून बघितलीस का कधी?"

"वेळ कुठाय?"

"बरं," म्हणाला, आणि पान उलटलं.

मग त्याला साखरेचा रोग लागला. त्या जुन्या जखमेतून पाणी वाहू लागलं, ती भरेना. आधी बोटं कापली, मग गुडघ्यापर्यंत. शेवटी ज्या पायात घुंगरू बांधायचा तो पायच नव्हता. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "आता झाकरीत मला कोणी घेणार नाही." मी हसलो. हसायला नको होतं. तीच शेवटची भेट.

तेराव्याला माणसं जेवून गेली. सोना भांडी आवरत होती. मध्येच थांबली.

"दादा, एक विचारू? हे खरंच लाइट लावायला विसरले होते?"

"का गं?"

"देवापुढचा दिवा तेवतोय ना, म्हणून तीनदा उठून बघणारा माणूस. आणि मी आठ वर्षं ह्यांना बोलले. पाय दुखला की बोलायची, तुमचीच कर्मं, एक खटका दाबायला काय झालं होतं. शेवटच्या आठवड्यात पण बोलले. हे नुसते, हो गं, चुकलंच, म्हणायचे... मला आता झोप येत नाही."

मी म्हटलं, "विसरला असेल. दमून यायचा." आणि घरी आलो. माझ्या बहिणीला मी ह्यापेक्षा वाईट काही बोललो नसेन.

त्याच दुपारी शेडमध्ये गेलो आणि गोणी ओढली. खाली पालींची अंडी, गंज. पहिल्यांदा बघितला तो लाइटचा खटका. गंजून जागच्या जागी धरला होता. लावलेला होता; लाइट गेली ती बॅटरी मेल्यामुळे. मग सीट काढली आणि तो वीज सुधारणारा भाग सोडवला, काड्यापेटीएवढा असेल. त्याची परीक्षा सोपी आहे, मला कायम येत होती. चांगली बॅटरी घ्यायची, एक लहान बल्ब घ्यायचा, मध्ये हा भाग जोडायचा. बल्ब एका बाजूनं पेटला पाहिजे, तारा उलट केल्या की विझला पाहिजे. मी तारा जोडल्या. पेटला नाही. उलट केल्या. पेटला नाही. बल्ब सरळ बॅटरीला लावून बघितला, तो चांगला होता. परत भाग जोडला. सगळी टोकं बघितली. किती वेळ तारा उलटसुलट करत बसलो माहीत नाही, दुकानात गिऱ्हाईक आलं आणि हाका मारून गेलं.

चिठ्ठी त्या खिळ्यावरच होती. तिच्यावर आठ वर्षांची बिलं टोचलेली, सगळ्यांच्या खाली ती. कडा तेलानं काळ्या झालेल्या, अक्षरं मात्र जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि सोनाकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बस म्हणाली. बसलो नाही. म्हटलं, आपाजीनं लाइट लावली होती, आणि ही चिठ्ठी त्यानं मला त्याआधी दिली होती. तिनं हात पुसून ती घेतली, उलटी सुलटी बघितली आणि परत दिली. तिला वाचता येत नाही. नवरा देवळात गावाला शिकवायचा, तेव्हा ती घरी स्वयंपाक करायची.

मग मीच वाचून दाखवली. उभ्यानं, एकेक अक्षर लावत, शेवटपर्यंत. ती खाली तांदळाकडे बघत होती. म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचली.