बपेऱ्याच्या तळ्यावर कृष्णविवर

कृष्णविवरासाठी कोणी बपेऱ्याला जात नाही. मला जावं लागलं. तुमसर तालुक्यातल्या या गावात माझी मावशी राहते. तिच्या लेकीला, प्रणालीला, नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहात खोलीही. शुक्रवारी तिचा रडवेला फोन आला, "ताई, आई जाऊच नाही देऊन राहिली. सोमवारी नाही गेली तं खोली जाईन." मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडलं.

शनिवारी सकाळी निघाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास अगदी स्वस्त. भंडाऱ्याच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री बेतानं घ्या. मी बेतानं घेतली नाही आणि तुमसरपर्यंत पाणी पीत गेले. पुढे बपेऱ्याच्या गाड्या मोजक्याच, वेळ विचारूनच निघा. पावसानं दडी मारली होती, तरी दोन्ही बाजूंना धान हिरवंगार होतं.

मावशीनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. ताटावरच विषय निघाला. प्रणालीनं कौतुकानं आईला मोबाइलवर कृष्णविवराचं चित्र दाखवलं होतं, हे आपल्या आकाशगंगेच्या मधोमध आहे म्हणून. मावशीचा जन्म तळ्याकाठी गेलेला. मधोमध भोक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे तुडुम आलं, म्हणजे तळ्याचं पाणी शेतात सोडायचं तोंड.

"तुडुम उघडलं का तळं खाली होते," ती म्हणाली. "थे वरचंही खाली होऊन राहिलं असंन. मंग पोरगी नागपुरात अन् आमी अथी? जे व्हाचं थे एका घरात होऊ दे."

मला हसू आलं होतं, पण तिचे डोळे भरलेले बघून गिळलं.

संध्याकाळी आम्ही तिघी तळ्यावर गेलो. धानासाठी तुडुम उघडलेलंच होतं. पानं गरगरत आत जात होती, काठाचा चिखल उघडा पडला होता. मावशीचा पुरावा समोरच, आणि माझी भंबेरी. तरी सुरुवात केली. तळ्यात पाणी पाण्याला रेटतं, म्हणून लांबचंही वाहत येतं. आकाशात तसं मागून रेटणारं काही नाही. आणि कृष्णविवर हे भोक नव्हेच. प्रचंड वजन इवल्याशा जागेत दाबून बसलेलं असतं. त्याच्याभोवती एक हद्द असते, ती ओलांडली की प्रकाशसुद्धा परत येत नाही. पण हद्दीपासून दूर त्याची ओढ तेवढ्याच वजनाच्या ताऱ्यासारखी. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई उरते. आपला सूर्य दाबून चार गावांच्या शिवारात बसवला तर तोही कृष्णविवर होईल. अंधार पडेल, गारठून जाऊ, पण पृथ्वी आहे त्याच वाटेनं फिरत राहील.

"आत नाही पडनार?"

"चंद्र पडतो का आपल्यावर? तो पळत असतो, म्हणून फिरत राहतो."

मावशीनं तुडुमावरून नजर काढली. "म्हंजे भोक नाही. ढीग आहे, लय जड."

"हो! आणि लय दूर."

"मंग भोक काहून म्हनतेत बापा? मानसाले उगाच भेव!"

प्रणाली हसत सुटली, मग रडली. माझा जीव भांड्यात पडला. घरी येताच मावशीनं तिच्या पिशवीत तांदूळ भरायला घेतले. रविवारी आम्ही दोघी नागपूरच्या गाडीत होतो आणि पिशवी एकीला उचलत नव्हती.

आता घरी बसून हे लिहिताना वाटतं, शाळेत मी इतकी वर्षं कृष्णविवर शिकवलं, पण त्याच्या भीतीनं कोणी लेकीला कवटाळून बसेल हे मनात आलं नव्हतं. मावशीचा परवाच फोन आला.

"दूर गेलं का ओढ कमी होते म्हनलं होतंस ना तू?"

"हो, चौथाई."

"पोरगी नागपुरात जाऊन पंधरवडा झाला. काही कमी नाही झाली वं. तुह्या पुस्तकात पाहाय एकडाव."

मी म्हटलं, बघते.