कपाळावरचं गोंदण

मंडळी, लॅपटॉपवर फोटो सुधारताना स्क्रीनचं रिझोल्यूशन कितीवर ठेवता, हे आज तुम्हाला विचारणार होतो. कमी ठेवलं तर माझा लॅपटॉप पळतो, पण बारीक काही दिसत नाही. वाढवलं की चिखलातल्या म्हशीसारखा बसून राहतो.

आज कराडच्या माझ्या स्टुडिओत मलकापूरचे एक आजोबा पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलाला घेऊन आले. वारलेल्या बायकोचा जुना फोटो मोठा करायचा होता. कमी रिझोल्यूशनवर तिच्या कपाळावरचं गोंदण धुळीसारखं दिसायचं, म्हणून वाढवलं. सगळी सकाळ गेली, पण एकेक ठिपका जपला.

मुलगा स्क्रीन बघून म्हणाला, “काका, ते कपाळ साफ करा की. फोटो हॉलमध्ये लावायचाय.”

आजोबा म्हणाले, “आरं, गोंदणाबिगर ती तुझी आय दिसंल व्हय?”

“तात्या, तुमी गप बसा. तुमाला काय कळतंय त्यातलं.”

आजोबांनी मान खाली घातली. मीही मुलाचं ऐकलं आणि गोंदण पुसलं. पुसताना लॅपटॉप जरासुद्धा अडला नाही.

जाताना आजोबांनी मूळ फोटो मागून घेतला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. नव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रिझोल्यूशनचं राहू द्या. माझ्या जागी तुम्ही असता, तर पुसलं असतं का?